पाणी दाखवू नये अशी नळी

जीपखाली उताणं पडलं की माणसांचे फक्त पाय दिसतात. गेल्या बारा-तेरा वर्षांतला बराचसा काळ मी तसा पडून काढला, त्यामुळे गिऱ्हाइकं मला चेहऱ्याआधी पायांवरून ओळखू येतात. घाई असलेलं गिऱ्हाईक टाच आपटत राहतं. ज्यानं गाडीची वाट स्वतःच्या हातानं लावलेली असते, ते दोन पावलं मागं सरकून उभं राहतं आणि ड्रायव्हरला बोल लावतं. संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा’ म्हटलं तेव्हा मला आधी हे पायच आठवले. पण पायांवर लेख होणार नाही, म्हणून नळीवर लिहितो. दीड हात लांबीची, पोकळ, लोखंडी नळी. तिच्यावर माझं नागपुरात पोट चाललं आणि तिच्याच पायी एकदा माझ्या हातून जे झालं, ते मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला धडपणे सांगितलेलं नव्हतं.

आधी ही नळी जीपला कशाला लागते ते सांगतो.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या जीपगाड्या आमच्याकडे आल्या. ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत त्याला. जंगलाचे ठेकेदार, खाणीवाले, एखाददुसरा हौशी मालगुजार, सगळ्यांनी त्या घेतल्या आणि लष्करानंसुद्धा हाकल्या नसत्या अशा हाकल्या. जीपचा मागचा ॲक्सल पोलादी पट्ट्यांच्या कमानींवर बांधलेला असतो. कमानीला दोन कामं असतात, ओझं झेलायचं आणि ॲक्सल जागेवर धरायचा. सडकेवर ती दोन्ही कामं गुमान करते. पण सहा माणसांच्या जागी अकरा बसवायची, वर पोती रचायची, चाक नाल्याच्या चिखलात रुतलं की ड्रायव्हरनं रागारागानं पेट्रोल द्यायचं, असं झालं की ॲक्सल स्वतःभोवती पिळवटतो, कमानीला बाक येतो, मधला बोल्ट तुटतो आणि ॲक्सल मागं सरकतो. मग गाडी बैलांनी ओढून आणावी लागते. यावर आमच्या वर्कशॉपनं उपाय काढला होता. ॲक्सलपासून पुढं चासीच्या सांगाड्यापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक दांडी टाकायची, दोन्ही टोकांना रबर घातलेला डोळा, म्हणजे लोखंडी कडं. चाक वरखाली होऊ द्यायचं, पण ॲक्सलला मागंपुढं हलू द्यायचं नाही. एवढंच त्या दांडीचं काम.

ही दांडी भरीव सळईची का करत नाही, हे मला आजवर शंभर जणांनी विचारलं असेल. भरीव म्हणजे मजबूत हे लोकांच्या डोक्यातून काही जात नाही. खाप्याच्या बाजूच्या एका खाणीवाल्यानं तर स्वतःच सळई आणली होती, अंगठ्याएवढी जाड, आणि ‘हीच लावा’ म्हणून अडून बसला. लावून दिली. तीन आठवड्यांनी इळ्यासारखी वाकून परत आली. मी त्याला गव्हाची पोकळ काडी दाखवावी म्हणून शोधत होतो, तर त्या दिवशी नेमकी जवळपास नव्हती. तेवढंच लोखंड भरीव ठेवण्याऐवजी पोकळ करून बाहेर पसरलं की ते वाकायला कबूल होत नाही, इतकी साधी गोष्ट आहे.

मात्र पोकळ म्हणजे कसलंही पोकळ नव्हे. नळाचा पाइप सगळीकडे मिळतो. पण तो पट्टी वळवून जोडलेला असतो, त्याला आतून शिवण असते. तोच वापरायची वेळ आली तर ती शिवण वर किंवा खाली येऊ द्यायची नाही, कुशीला ठेवायची. दगड खालून लागतो, ताण वरच्या आणि खालच्या अंगाला येतो, कुशीला तो कमी असतो. त्याहून बरी बॉयलरची नळी. तिला शिवण नसते, पत्रा जाड असतो, दगड लागला तर पोचा पडत नाही. पोचा फार वाईट. एकदा पोचा पडला की नळी पुढच्या वेळी तिथंच बसते.

नळी निवडायला मी वर्कशॉपात शिकलो नाही, घरी शिकलो. आमचं घर उमरेडच्या विणकरांचं. वडील सूत गुंडाळायच्या कांड्यांसाठी बोरू निवडत, तेव्हा प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून आतून पाहत. सरळ आहे का, भिंत सगळीकडे सारखी आहे का, कुठं कीड लागली आहे का. मग नखानं टिचकी मारून आवाज ऐकत. मी लोखंडाच्या नळीला तेच केलं. फक्त कीड म्हणजे गंज, आणि नखाऐवजी हातोडी. सूत मिळेना तेव्हा मी हातमाग सोडून नागपूरला आलो, पण वडिलांचे डोळे घेऊन आलो, असं म्हणायला हरकत नाही.

वर्कशॉप कॉटन मार्केटच्या मागच्या बाजूला होतं. मालक दौलतराव. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. मीही मिस्त्री म्हणत असे, आणि ते मला नत्थू. माणूस बुटका, हात मात्र त्याच्या मापाचे नव्हते, दुसऱ्या कुणाचे तरी मोठे हात लावल्यासारखे. फार बोलत नसत. ग्यास वेल्डिंगचा त्यांचा हात असा की जोडाची लकेर पाहून लोक काम ओळखत. मी नऊ वर्षं त्यांच्याकडे होतो आणि त्यांच्या समोर स्टुलावर बसल्याचं मला आठवत नाही. त्यांनी कधी बसू नको म्हटलं नव्हतं. तशी रीत होती.

दुसरी एक रीत होती, ती हौदाची. दारातच सिमेंटचा एक छोटा हौद होता. वेल्डिंग कुणीही करो, शेवटचा सांधा झाला की मिस्त्री स्वतः सांडशीत काम धरत, लाली उतरू देत आणि मग ते पाण्यात बुडवत. चर्र असा मोठा आवाज होई, वाफेचा लोट उठे आणि मिस्त्री म्हणत, “झालं.” गिऱ्हाईक त्या आवाजासाठी थांबत असे. लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो तसं मिस्त्रींनी दांडीला पाणी दिलं, आता ती पक्की झाली, अशी सगळ्यांची समजूत. खरं तर नळाच्या पाइपाला किंवा बॉयलरच्या नळीला पाण्यात घातल्यानं फारसं काही होत नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही. हाताला लागत नाही एवढं थंड होतं आणि काम पुढं सरकतं. पण तो आवाज आमच्या वर्कशॉपची सही होती.

आता विमानाच्या नळीकडे येतो.

विमानतळावर लढाईच्या काळात काम केलेले पीटर नावाचे एक म्हातारे फिटर होते. निवृत्तीनंतर ते कधीमधी आमच्याकडे येऊन बसत, गप्पांपुरते. मोडीत काढलेल्या विमानांचा काही माल कबाडी बाजारात आला तेव्हा त्यांनीच मला सांगितलं. मी गेलो आणि नळ्यांचा एक भारा घेऊन आलो. तशी नळी मी त्याआधी हातात धरलेली नव्हती. पत्रा जेमतेम अर्ध्या सुताचा, म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा, वजन निम्म्याहून कमी, आतून आरशासारखी स्वच्छ. टिचकी मारली तर देवळातल्या झांजेसारखी बराच वेळ वाजत राहिली. धार लावायच्या साणेवर धरली तर ठिणग्या साध्या लोखंडासारख्या सरळ जाईनात, टोकाला फुटून फुलत होत्या. म्हणजे हे नुसतं लोखंड नव्हे, त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं आहे. मी पीटरना विचारलं. ते म्हणाले, “अव्वल माल है. जोड आराम से कर, और जोड के बाद हवा में छोड दे. इसको पानी नहीं दिखाना.” मी का म्हणून विचारलं. त्यांनी खांदे उडवले. “नहीं दिखाना, बस.”

हे वाक्य मी ऐकलं होतं. पुढं जे झालं ते समजायला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मनोरमाबाई या कुरखेड्याच्या अलीकडे एका गावात धर्मादाय दवाखाना चालवणाऱ्या नर्स. मूळच्या भंडाऱ्याच्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. पायात कॅनव्हासचे बूट, पुरुषांचे असतात तसे. मी जीपखाली असताना ते बूट माझ्या डोक्याशी येऊन थांबले, मग गुडघे टेकले, मग बाई चक्क शेजारी येऊन आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, “दाखव गा मले, काय तुटलं ते.” त्याआधी किंवा त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकानं हे केलं नाही. मी तुटलेला बोल्ट दाखवला. त्या म्हणाल्या, “अडलेली बाई घेऊन वडशाच्या डॉक्टरकडे निघते मी, अन् नाल्यात गाडी बसते. दोनदा झालं. एकदा बाई वाचली, एकदा नाही वाचली. तिसऱ्या वेळी मले नाही पायजे असं.” मग उठून साडीवरची धूळ झटकली आणि बाहेर जाऊन विणायला बसल्या. लोकरीचा छोटासा मोजा होता, कुणा नवजात पोराचा.

मला त्या बाईंना सगळ्यांत चांगली दांडी द्यायची होती. म्हणून मी मिस्त्रींना म्हटलं, बॉयलरची नको, ही नवी नळी घेऊ. त्यांनी ती तोलून पाहिली, हातातल्या हातात फिरवली, टिचकी मारली. “तू निवडली?” “हाव.” “मंग लाव.” निवडीच्या बाबतीत ते माझं ऐकत, हे मी अभिमानानंच सांगतो.

दोन दांड्या तयार झाल्या. डोळे मी जोडले, शेवटचा सांधा मिस्त्रींनी केला. सिस्टरबाई विणकाम गुंडाळून हौदाजवळ आल्या. त्यांचा ड्रायव्हर रामाजी आला. मिस्त्रींनी सांडशी उचलली.

मी म्हटलं, “मिस्त्री.”

“काय गा?”

दोन-चार गिऱ्हाइकं उभी होती. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी शांती असे ती होती. सात वर्षांत मी त्यांना हौदाशी कधी अडवलं नव्हतं. आणि का अडवलं असं त्यांनी विचारलं असतं, तर सांगायला माझ्याकडे कारण नव्हतं, फक्त एका म्हाताऱ्याचं खांदे उडवणं होतं.

“काही नाही,” मी म्हटलं.

चर्र झालं. मग दुसरी. “झालं,” मिस्त्री म्हणाले. सिस्टरबाई हसल्या. मी दोन्ही दांड्या लावून दिल्या आणि जीप उमरेड रोडनं निघून गेली.

चौथ्या दिवशी त्याच नळीच्या उरलेल्या तुकड्याचा मी भिंतीत ठोकायला एक आकडा केला होता, रीतीप्रमाणे हौदातून निघालेला. तो बाकावरून फरशीवर पडला आणि जोडाशी छपराचं कवेलू फुटावं तसा फुटला. लोखंड वाकतं, चिरतं, पण फुटत नाही. मी तुकडा उचलून पाहिला. तुटलेल्या जागी खडीसाखरेसारखे कण चमकत होते. मिस्त्रींना दाखवला. ते म्हणाले, “एखादा तुकडा खराब असन.” आणि जेवायला घरी गेले.

मी जेवलो नाही. नळीचे दोन तुकडे कापले, दोन्हींना सारखीच पट्टी जोडली. एक हौदात टाकला, एक हवेत ठेवला. मग दोन्ही बाकावरच्या लोखंडी पकडीत आवळून हातोडा मारला. हवेतला वाकला, आणखी मारला तरी वाकतच गेला. हौदातला पहिल्याच घावाला गेला.

जीपच्या दांडीचं एक सांगायचं राहिलं. ती तुटली तर नुसती लोंबकळत नाही. तिचं मागचं टोक ॲक्सलला बांधलेलं असतं. पुढचं टोक तुटलं की ते खाली येतं आणि धावत्या गाडीच्या दिशेनं जमिनीत रुततं. उडी मारणारा माणूस काठी टेकवतो तशी गाडी त्या दांडीवर उचलली जाते आणि उलटते. दांडी नसलेली जीप नाल्यात बसते. तुटक्या दांडीची जीप माणसं मारते. मी बाईंना होती त्याहून वाईट गाडी दिली होती.

तिथं तार पोचायला दोन दिवस लागले असते, आणि तारेत काय लिहायचं? दुपारी मी बॉयलरच्या नळीच्या दोन दांड्या केल्या. मिस्त्रींनी कुणासाठी म्हणून विचारलं नाही. मी त्यांना सांगितलं, उद्या उमरेडला घरी जाऊन येतो. म्हणजे तिथंही खोटंच बोललो.

सकाळच्या छोट्या गाडीनं निघालो. ती उमरेडवरूनच नागभीडला जाते, त्यामुळे खोटं अगदीच बिनबुडाचं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. मांडीवर गोणपाटात दोन दांड्या. समोरच्या शेतकऱ्यानं विचारलं, “बंदुका व्हय का गा?” मी नाही म्हटलं तरी तो पुढच्या स्टेशनावर डबा बदलून गेला. नागभीडला गाडी बदलली, वैनगंगेचा पूल ओलांडून वडशाला उतरलो, रात्र स्टेशनावरच काढली आणि उजाडल्यावर भाड्याची सायकल घेऊन निघालो. रस्ता सायकलीचा नव्हता. प्रत्येक वळणावर पुढं उलटलेली जीप दिसणार, असं मला वाटत होतं. दिसली नाही की बरं वाटायचं आणि पुढचं वळण यायचं.

दवाखान्यासमोर पोचलो तेव्हा जीप चालू होती. मागच्या बाजूला चटईवर एक बाई निजवलेली, तिची सासू तिचं डोकं धरून. बाळ आडवं आलं होतं. रामाजी गिअर टाकण्याच्या बेतात. मी सायकल तशीच टाकली आणि गाडीपुढं जाऊन उभा राहिलो.

“बाजूले हो गा,” रामाजी म्हणाला. “दिसत नाही का तुले?”

“दांडी काढायची आहे. ती तुटेल.”

“तुटेल? पाच दिवस झाले, फर्स्टक्लास चालून राहिली. तुमच्याच मिस्त्रीनं लावली ना?”

सिस्टरबाई उतरल्या. माझ्याकडे, मग गोणपाटाकडे पाहिलं. “बदलायले किती वेळ लागते?”

“अर्धा तास.”

“हिच्यापाशी नाही अर्धा तास.”

“नुसत्या काढायला दहा मिनिटं. दांडीशिवाय जा. नाल्यात हळू घ्या, पण जा.”

त्यांनी त्या बाईच्या पोटावर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले. “दहा मिनिटं,” त्या म्हणाल्या. “मी मोजून राहिली.”

मी खाली शिरलो. डावी दांडी निघाली. उजवीचा पुढचा बोल्ट जाम झाला होता. तो सरकवायला मी हातोडीचा एक ठोका दिला, जोरातही नाही. दांडी डोळ्याशी तुटून माझ्या छातीवर पडली. तो आवाज रामाजीनं ऐकला. गाडीखालून मला त्याचे पाय दिसत होते, ते दोन पावलं मागं सरकले.

मी तुकडा घेऊन बाहेर आलो. बाईंनी तो हातात घेतला, खडीसाखरेचे कण पाहिले, परत दिला. “मांगं बस,” त्या म्हणाल्या. “नाल्यात ढकलायले माणूस लागन.”

तीन नाले लागले. दोनदा ढकललं. वडशाच्या डॉक्टरांच्या दारात जीप दुपारच्या आधी पोचली. मुलगी झाली, आई वाचली. मी झाडाखाली बॉयलरच्या नळीच्या दांड्या लावत होतो तेव्हा कॅनव्हासचे बूट येऊन थांबले. या वेळी बाई आडव्या झाल्या नाहीत.

“कवा समजलं तुले?”

“परवा.”

बूट हलले नाहीत. मी नट आवळत राहिलो. मग म्हटलं, “शंका आधीपासून होती. हौदाशी.”

“तवा बोलला काहून नाही?”

“मिस्त्रींसमोर कसं बोलू?”

बाई एक पाऊल जवळ आल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे मिस्त्रीले वाईट वाटू नये म्हणून तू मले त्या गाडीत बसू दिलं.” आवाजात राग नव्हता. तापमान लिहून घ्यावं तसं त्या म्हणाल्या.  मला स्वतःची लाज वाटली, एवढंच खरं.

नागपूरला परतलो तो वर्कशॉप उघडायच्या वेळी. मिस्त्री हौदाच्या कठड्यावर बसले होते. त्यांच्याजवळ माझे ते दोन तुकडे होते, वाकलेला आणि फुटलेला. बाकाखाली सापडले असणार. त्यांच्या शेजारी आणखी दोन होते, तसेच. ते माझे नव्हते, जोडाच्या लकेरीवरून समजत होतं. म्हणजे त्यांनीही करून पाहिलं होतं. मी गोणपाटातून तुटकी दांडी काढून त्या चार तुकड्यांशेजारी ठेवली.

“उमरेडले सगळे बरे आहेत ना?” त्यांनी विचारलं.

“मी कुरखेड्याकडे गेलो होतो.”

“गाडी?”

“धड आहे. माणसंही.”

त्यांनी मान हलवली. दांडी उचलली, तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. “त्या दिवशी तू मले हाक मारली होती. इथंच.”

“हाव.”

“मालूम होतं तुले?”

“पीटरसाहेबांनी सांगितलं होतं, पाणी दाखवू नको म्हणून.”

“मंग?”

“तुम्ही मोठे, मिस्त्री. लोक उभे होते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांत त्यांनी मला कधी शिवी दिली नव्हती, त्या दिवशी दिली असती तर फार बरं झालं असतं. “मी मोठा,” ते म्हणाले, “म्हणून त्या बाईनं मरायचं होतं का गा?”

मग उठले आणि भट्टी पेटवायला गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उरलेल्या नळ्या त्यांनी विकल्या नाहीत आणि टाकल्याही नाहीत. त्यांच्या दांड्या आम्ही पुढं केल्या, हवेत थंड होऊ दिलेल्या, आणि त्या उत्तम चालल्या. गिऱ्हाइकं मात्र कुरकुरत. पाणी दिलं नाही म्हणजे काम कच्चं, असं त्यांना वाटे.

एक गोष्ट बदलली. त्यानंतर प्रत्येक सांध्याला मिस्त्री सांडशीत काम धरून हौदाशी थांबत आणि सगळ्यांदेखत मला विचारत, “टाकू का, नत्थू?” नळाचा पाइप असला तरी विचारत, ज्याला काहीच होत नाही. बिजागरीची पट्टी असली तरी विचारत. मी ‘टाका’ किंवा ‘नको’ म्हणेपर्यंत हात हलवत नसत. सुरुवातीला मला ती शिक्षा वाटली. पुढं वाटलं, हा मान असावा. मी वर्कशॉप सोडेपर्यंत ते विचारत राहिले आणि दोहोंतलं नक्की कोणतं, हे मला त्यांना विचारता आलं नाही. विचारायला हवं होतं. पण तेही मी विचारलं नाही, यातच सगळं आलं.

आता माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. दारात हौद आहे. चार कारागीर आहेत, चांगले आहेत, त्यातले दोघे वेल्डिंगमध्ये माझ्यापेक्षा सरस. आमच्याकडे नियम आहे की काम पाण्यात घालण्याआधी मी विचारणार आणि ज्यानं नळी निवडली त्यानं उत्तर द्यायचं. नियम का आहे तेही मी सगळ्यांना सांगितलं आहे, कुरखेड्याच्या गोष्टीसकट, फक्त हौदाशी गप्प राहिलो तेवढं गाळून. 

गेल्या महिन्यात एका जंगलठेकेदाराच्या जीपची दांडी होती. नळी विमानाचीच, तसल्याच एका भाऱ्यातली. ती निवडली होती वसंतानं, माझ्या कारागिरांतला सगळ्यांत हुशार. सांधा झाला. मी मुद्दामच सांडशी उचलली, हौदाशी आलो, लाली उतरेपर्यंत थांबलो. ठेकेदार आवाज ऐकायला जवळ सरकला.

“टाकू का, वसंता?” मी विचारलं.

वसंताची नजर त्या नळीवर गेली. मग हौदावर, मग ठेकेदारावर. त्याच्या ओठाशी काहीतरी आलं, ते मला स्वच्छ दिसलं, कारण ते मी ओळखतो.

“तुम्ही म्हणान तसं, मिस्त्री,” तो म्हणाला.

मी सांडशी धरून तसाच उभा राहिलो, सांधा हवेत गार होईपर्यंत. मग दांडी बाकावर ठेवली, वसंताला समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं आणि गाळलेलं तेवढं त्याला सांगितलं.